वाहतुकीस बंद केलेल्या सार्वजनिक रस्त्यावरून शिनाण्यांच्या शेतीपर्यंत जाता येते का?

खाडीकाठ (प्रश्न)

नमस्कार.

सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या गावात आमचा महिला बचत गट शिनाणे आणि कालवे या दोन प्रकारच्या खाण्याच्या शिंपल्यांची शेती करतो. खाडीच्या मधल्या खोल भागात तराफा आहे, त्याला टांगलेल्या दोऱ्यांवर शिनाणे वाढतात. काठाजवळच्या उथळ पाण्यात बांबूचा मांडव आहे, त्याला लटकवलेल्या रिकाम्या शिंपल्यांच्या माळांवर कालवे धरतात. दिवाळीनंतर दोऱ्यांवर बीज बांधायचे आणि मे महिन्यात, पावसाचे गोडे पाणी खाडीत उतरण्याआधी, सगळा माल काढायचा, असे आमचे वर्ष आखलेले असते. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रकरण अजून मिटायचे आहे आणि कोणाची बदनामी करण्याचा हेतू नाही.

वाडीतून निघणारा रस्ता आधी भातखाचरांच्या कडेने जातो, मग खाडीचे खारे पाणी शेतात येऊ न देणाऱ्या खारबंधाऱ्याच्या माथ्यावर चढतो आणि जुन्या धक्क्यापाशी संपतो. अंतर सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे. वडीलधारी माणसे सांगतात की गाडीरस्ता नव्हता तेव्हा गावाचे सारे सामान याच धक्क्यावर उतरत असे. आमचे तराफे या धक्क्यासमोरच आहेत, आणि छोटा टेम्पो धक्क्यापर्यंत जाऊ शकतो म्हणूनच आम्ही ही जागा निवडली होती.

मागच्या पावसाळ्यात बंधाऱ्यावरच्या उघाडीला (शेतातले पाणी खाडीत सोडणाऱ्या झडपेच्या दाराला) लागून असलेल्या मोरीची खाडीकडची बाजू खचली. जांभ्याचे चिरे बाहेरच्या अंगाला कलले आहेत, त्यांच्यामागची माती वाहून गेली आहे आणि रस्त्याच्या कडेला मनगट आत जाईल एवढी भेग दिसते. त्यानंतर ‘रस्ता वाहतुकीसाठी बंद’ असा फलक लागला, पुढे दोन लोखंडी खांब रोवून साखळी घातली गेली आणि तिला कुलूप लागले. किल्ली कोणाकडे आहे, हे विचारले की प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते. पायी जाणारा माणूस साखळीच्या बाजूने जाऊ शकतो.

एवढ्यावर थांबले असते तर आम्ही दुरुस्तीची वाट पाहिली असती. पण दिवाळीच्या सुमारास, बंधारा सुरू होण्याच्या अलीकडे ज्यांची जमीन रस्त्याला लागून आहे, त्या खातेदारांनी रस्त्याच्या अर्ध्या रुंदीवर चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, घातला आणि उरलेल्या भागात फाटक बसवले. रस्ता सरकारनेच बंद केला आहे, आता तो रस्ता राहिलेला नाही, त्यामुळे जागा आमची झाली, असे त्यांचे म्हणणे आहे. सध्या फाटक दिवसा उघडे असते. मात्र ‘मे महिन्यात कुलूप लावणार’ असे त्यांनी आम्हाला स्पष्ट सांगितले आहे.

बीज बांधून झाले आहे, त्यामुळे आता जागा बदलता येणार नाही. भिजलेल्या पोत्यांतला माल डोक्यावर घेऊन सव्वा किलोमीटर चालणे गटातल्या बहुतेक बायकांना झेपण्यासारखे नाही, आणि उन्हात वेळ गेला की शिनाणे तोंड उघडू लागतात आणि घेणारा व्यापारी तेवढा माल बाजूला काढतो. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. फलक लावून बंद केलेल्या रस्त्यावरचा आमचा जाण्यायेण्याचा हक्क संपतो का? साखळीपलीकडे हातगाडी किंवा हलके वाहन नेण्याची परवानगी कोणाकडे मागायची? आणि गडग्याविरुद्ध कोणाकडे दाद मागायची? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

भूमापन

ताई, मी महसूल खात्यात नोकरी करून निवृत्त झालो आहे. तुमच्या प्रकरणात दोन वेगळी बंधने एकात मिसळली आहेत. ती वेगळी केल्याशिवाय एकही अर्ज नीट लिहिता येणार नाही. साखळी हे वाहतुकीवरचे बंधन आहे. गडगा हा रस्त्यावरचा अडथळा आहे. पहिल्यामुळे दुसऱ्याला कसलाही आधार मिळत नाही.

आधी साखळीविषयी. रस्ता धोकादायक झाला तर वाहनांना मनाई करण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ मध्ये आहे. तो राज्य शासनाला किंवा शासनाने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याला वापरता येतो, आणि मनाई एक महिन्यापेक्षा अधिक काळ चालणार असेल तर तिची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध व्हावी लागते. त्याहून कमी काळाची असेल तर स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली एक साधा अर्ज करा आणि त्यात एवढेच मागा: हा रस्ता वाहतुकीस बंद करण्याच्या आदेशाची प्रत, आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम, आदेशाची मुदत आणि मोरीच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक तयार झाले असल्यास त्याची प्रत. रस्ता ग्रामीण मार्ग म्हणून नोंदलेला असेल तर तो जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतो, तेव्हा अर्ज तेथे द्यावा. बंधाऱ्याचा भाग खारभूमी विभागाकडे असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून त्याच मजकुराची दुसरी प्रत त्यांच्याकडेही जाऊ द्या. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आदेशच निघालेला नसेल आणि केवळ फलक लावून साखळी घातली असेल, तर तेही लेखी उत्तरातून उघड होईल.

या कलमातली मनाई मोटार वाहनांपुरती असते. पायी चालणारा माणूस, डोक्यावरचे ओझे, हाताने ढकलायची गाडी यांना ते कलम लागू होत नाही. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की हक्क संपत नाही; त्याचा एक प्रकार काही काळापुरता थांबवलेला असतो.

सार्वजनिक रस्त्यावरचा लोकांचा हक्क कायमचा संपवण्याची वाट अगदी निराळी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० प्रमाणे, दुसऱ्या कोणाच्या मालकीचे नसलेले सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा, त्याचप्रमाणे भरतीच्या उच्चतम रेषेखालचा समुद्राचा आणि खाड्यांचा तळ, ही शासनाची मालमत्ता आहे. अशा रस्त्याची लोकांना गरज उरलेली नाही असे जिल्हाधिकाऱ्यांना वाटले, तर कलम २१ खाली त्यांना तसा हेतू जाहीर करावा लागतो, नोटीस प्रसिद्ध करावी लागते, शासनाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो आणि ज्यांचे नुकसान होणार आहे त्यांच्या हरकती व भरपाईचे दावे ऐकावे लागतात. एवढे सगळे होऊन हक्क संपले, तरी जमीन शासनाचीच राहते. ती शेजारच्या खातेदाराच्या सातबाऱ्यात आपोआप शिरत नाही. त्या गृहस्थांच्या म्हणण्याला कायद्यात कुठेही जागा नाही.

अर्थात हे सगळे रस्ता सार्वजनिक आहे हे दाखवता आले तर. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत काढा. नकाशावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो; गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरली जाते. तुमचा रस्ता दुहेरी रेषेत असेल, तर गडगा नेमका किती आत आला आहे हे मोजणीत फुटा-इंचात निघेल. नकाशावर काहीच नसेल, तर प्रश्न वहिवाटीचा होतो आणि पुरावाही वेगळ्या प्रकारचा लागतो. तेव्हा आधी नकाशा पाहा, मग पुढचे लिहितो.

---

खाजणवाला

भूमापन काकांनी कायदा बरोबर सांगितला आहे, पण मला या प्रश्नाची दुसरी बाजू मांडायची आहे. आमची भातशेती अशाच एका बंधाऱ्याच्या आतल्या अंगाला आहे. हातगाडीला मनाई नाही म्हणून उद्या गटाने माल भरून गाड्या त्या मोरीवरून न्यायला सुरुवात केली, तर ते मला शेतकरी म्हणून फार चिंतेचे वाटेल.

खारबंधारा हा मुळात रस्ता नसतो. चिखलमाती आणि मुरूम दाबून बांधलेली ती भिंत असते, खाडीच्या अंगाला दगडांची पिचिंग असते आणि मधे उघाडी असते. उघाडीची झापे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. पावसाळ्यात शेतातले पाणी निघायला तेवढाच मार्ग असतो. ताई, तुमच्या वर्णनात चिरे कलले आहेत आणि मागची माती गेली आहे. याचा अर्थ प्रत्येक भरतीला पाणी त्या पोकळीत शिरते आणि ओहोटीबरोबर थोडी थोडी माती घेऊन जाते. वर काही चालले नाही तरी हे होतच राहणार. वरून वजन गेले तर वेग वाढेल. माथ्याला चाकांच्या चाकोऱ्या पडल्या की तेथे पाणी साचते, माथा बसतो, आणि पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला बंधाऱ्याची सर्वांत खालची जागा तीच ठरते. एकदा खारे पाणी खाचरात आले की त्या वर्षीचे भात तर जातेच, पण मातीतला खार धुऊन निघायला पुढचे दोन-तीन पावसाळे जातात. हे मी आमच्या आतेच्या शेतात पाहिले आहे. तिच्या खाचरात लावणी केलेली रोपे टोकाकडून तांबडी होत गेली आणि आठवड्याभरात सगळे शेत भाजल्यासारखे दिसू लागले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की टेम्पोला परवानगी मागूच नये. परवानगी मिळाली तरी मोरी दुरुस्त होईपर्यंत ती वापरू नये. दुरुस्तीची मागणी मात्र गटाने एकट्याने न करता बंधाऱ्याच्या आतल्या शेतकऱ्यांच्या बरोबरीने करावी. गटाला धक्क्यापर्यंत जायचे आहे आणि शेतकऱ्यांना बंधारा शाबूत हवा आहे. दोघांचे काम त्या एकाच मोरीवर अडले आहे. महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम, १९७९ हा कायदा या बंधाऱ्यांसाठीच आहे. भेगेचे छायाचित्र, सोबत पट्टी किंवा काठी धरून काढलेले, आणि किती खाचरे आत आहेत त्यांचे सर्व्हे नंबर, एवढे जोडून शेतकऱ्यांच्या आणि गटाच्या एकत्रित सह्यांनी अर्ज गेला, तर तो ‘मासेमारीवाल्यांचे गाऱ्हाणे’ म्हणून बाजूला पडणार नाही.

गडग्याबद्दल मात्र मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. त्याच रस्त्याने नांगरणीची जनावरे जात असतील आणि कापणीच्या वेळी भारे येत असतील. आज शिनाण्यांच्या टेम्पोसाठी फाटक मिटले, तर उद्या भाताच्या भाऱ्यांसाठीही मिटेल.

---

शिंपला

मी मत्स्यशास्त्र शिकलो आहे आणि दुसऱ्या एका खाडीत शिनाण्यांची शेती करणाऱ्या गटांबरोबर काम करतो. कायद्याचे जाणकार वर आहेतच; मी फक्त मालाच्या वाहतुकीविषयी लिहितो, कारण रस्ता मे महिन्यापर्यंत खुला होईलच असे धरून बसणे योग्य होणार नाही.

केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने बसवलेल्या पद्धतीत एक मीटर दोरीवर साधारण दहा किलो शिनाणे निघतात. चारशे मीटर दोरी असेल तर चार टन माल झाला, आणि तो एका दिवसात काढण्याची काहीही गरज नाही. केरळात कासरगोड जिल्ह्यातल्या पडन्ना आणि चेरुवत्तूर भागात १९९० च्या दशकापासून महिलांचे गट हीच शेती करत आहेत. पावसाच्या आधी खाडी मोकळी करण्याची घाई त्यांनाही असते, कारण पाण्याची क्षारता उतरली की शिनाणे मरू लागतात; परंतु एकदम सगळा माल काढला की भावही पडतो. तुम्ही एप्रिलच्या मध्यापासून, जे शिनाणे साडेसात-आठ सेंटिमीटरचे झाले असतील त्या दोऱ्या आधी काढायला घेतल्या, तर रोजचे ओझे निम्म्याहून खाली येईल.

दुसरे असे की निवडण्याचे काम तराफ्यावरच करा. दोरीवरून ओरबाडून काढलेल्या मालात चिखल, लहान शिनाणे, रिकामे शिंपले आणि दोरीला चिकटलेला इतर कचरा यांचे वजन बरेच असते, आणि आपण ते विनाकारण काठापर्यंत वाहतो. पाण्यातच धुऊन, गुच्छ सोडवून, लहान माल पुन्हा जाळीत घालून पाण्यात टांगला तर काठावर फक्त विकायचा माल येईल. गुच्छ सोडवताना शिनाणे ज्यांनी चिकटून राहतात ते तंतू हाताने हिसकू नयेत, कात्रीने कापावेत. हिसकले की आतल्या मांसाला इजा होते आणि तो शिनाणा लवकर मरतो. काढलेला माल ओल्या गोणपाटाखाली, सावलीत ठेवावा. गोड्या पाण्यात बुडवून ठेवणे टाळावे. विक्रीपूर्वी चोवीस तास स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवून शुद्धीकरण करण्याची सोय तुमच्याकडे असेल तर ती धक्क्यावर नको, वाडीत घरांजवळ असू द्या. धक्क्यावर पाण्याच्या टाक्या आणि पंप नेणे म्हणजे बंद रस्त्यावरचा भार आणखी वाढवणे होईल.

तिसरे, होडीने माल पलीकडच्या काठावरच्या किंवा खाडीत वरच्या अंगाच्या जेटीवर नेता येतो का, ते आताच तपासा. भरतीच्या वेळा रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात, त्यामुळे मे महिन्यातल्या कोणत्या दिवशी सकाळी उन्हाआधी पुरेसे पाणी असेल हे भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून आजच ठरवता येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरपूर पाणी मिळते, पण ओहोटीला खाडी तितकीच सुकते आणि होडी गाळात अडकते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत पाणी कमी चढते आणि कमी उतरते, म्हणून भरलेल्या होडीसाठी ते दिवस अधिक भरवशाचे असतात. एक विनंती आहे, होडी उघाडीच्या तोंडाशी बांधू नका आणि झापांजवळ दोऱ्या किंवा मांडव ठेवू नका. झाप नीट मिटले नाही तर खाजणवाला दादा सांगतात ते नुकसान तुमच्यामुळे झाले असे म्हणायला लोक मोकळे होतील, आणि उघाडीतून सुटणारे गोडे पाणी तुमच्या कालवांनाही बाधेल.

---

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशाची प्रत मिळाली आहे. वाडीपासून बंधाऱ्यापर्यंत तुटक दुहेरी रेषा आहे. बंधाऱ्यावर मात्र रस्त्याची वेगळी रेषा नाही, फक्त बंधारा दाखवला आहे. गडगा दुहेरी रेषेच्या भागात येतो. माहिती अधिकाराचे दोन्ही अर्ज दिले आहेत. आतल्या शेतकऱ्यांशीही बोलले. त्यांच्यातले बरेच जण सही करायला तयार आहेत, आणि खाजणवाला दादांचे म्हणणे वाचून दाखवल्यावर एक आजोबा स्वतः मोरी दाखवायला बरोबर आले. टेम्पोचा आग्रह आम्ही सोडला आहे.

मधल्या काळात गावातल्या एकाने निराळा मार्ग सुचवला. गडग्याच्या अलीकडे उजवीकडे उतरून, तिवरांमधून साधारण दोनशे पावलांची वाट साफ केली तर बंधारा टाळून थेट पाण्याशी जाता येईल, थोडी खडी टाकली की हातगाडीही जाईल, असे त्यांचे म्हणणे आहे. जागा सरकारी आहे, कोणी अडवणार नाही, असेही ते म्हणतात. हे करावे का?

---

तिवरबन

कृपा करून हे करू नका. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि पुढे १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यभरातल्या कांदळवनांची, म्हणजे तिवरांच्या वनांची, तोड, त्यांत भराव टाकणे आणि त्यांच्याभोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्यात बांधकाम करणे यांना मनाई केली आहे, मग जमीन सरकारी असो वा खाजगी. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेतही कांदळवने सर्वाधिक संरक्षित वर्गात येतात. तिवरांत खडी टाकून केलेली वाट हा थेट गुन्हा ठरेल, आणि ज्यांनी गडगा घातला आहे त्यांच्या हाती गटाविरुद्ध तक्रार करण्याचे आयते साधन येईल.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी तुमच्या शेतीच्या दृष्टीने ते घातकच आहे. ती तिवरे भरतीच्या लाटांचा जोर बंधाऱ्यावर येण्याआधी मोडतात आणि गाळ धरून ठेवतात. मोरी आधीच कमकुवत असताना तिच्या शेजारचा आडोसा तोडू नये.

---

भूमापन

ताई, नकाशावर दुहेरी रेषा निघाली ही फार मोठी गोष्ट झाली. आता गडग्याविषयी लिहितो.

अनेक जण अशा वेळी जमीन महसूल अधिनियमाचे कलम १४३ सुचवतात. ते तुमच्यासाठी नाही. त्या कलमाखाली शेतजमीन धारण करणारा खातेदार दुसऱ्याच्या सर्व्हे नंबरच्या बांधावरून नवा रस्ता मागतो. तुमची शेती खाडीच्या पाण्यात आहे, तुमच्या नावावर सर्व्हे नंबर नाही, आणि तुम्हाला नवा रस्ता नको, असलेला मोकळा करून हवा आहे. तुमचे कलम मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ मधले पाचवे आहे. त्यात शेती, चराई, झाडे आणि पिके यांच्याबरोबर मत्स्यव्यवसायाच्या जागांचाही स्पष्ट उल्लेख आहे, आणि तेथे जाणाऱ्या रस्त्यांचा किंवा वहिवाटीच्या वाटांचा वापर कोणी बेकायदा अडवला, किंवा अडवण्याचा प्रयत्न केला, तर तहसीलदार मनाईहुकूम देऊ शकतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या या कायद्याने मासे धरणाऱ्यांची वाट शेतकऱ्यांच्या वाटेच्या जोडीला ठेवली आहे. तहसीलदारांसमोर हे कलम उघडून वाचून दाखवायला संकोच करू नका, कारण रोजच्या कामात त्यांच्यापुढे बहुतेक प्रकरणे बांधाची आणि शेतरस्त्याचीच येतात.

या कलमाला मुदत आहे. अडथळ्याचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. गडगा दिवाळीच्या सुमारास घातला असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे एप्रिल उजाडायची वाट पाहू नये, आणि फाटकाला कुलूप लागल्यावर बघू, असेही म्हणू नये. फाटक दिवसा उघडे असले तरी मे महिन्यात ते बंद करण्याचा इरादा तुम्हाला सांगितला गेला आहे आणि गडग्याने अर्धी रुंदी आताच गेली आहे, तेव्हा दाव्याचे कारण आजच आहे. अर्जात तारखा नेमक्या लिहा. गडग्याची छायाचित्रे, गाव नकाशाची प्रत, बचत गटाची नोंदणी, मत्स्यव्यवसाय विभागाकडची आणि इतर सर्व परवानग्यांची कागदपत्रे, आणि त्या रस्त्याने वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्या किमान दोन-तीन वृद्ध शेतकऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडा. परवान्यांच्या बाबतीत एक सावधगिरी: किनारी जलसंवर्धन प्राधिकरण अधिनियम, २००५ मध्ये २०२३ साली दुरुस्ती झाली आणि शिंपल्यांची शेतीही त्याच्या कक्षेत आली आहे. तुमची त्या कायद्याखालची नोंदणी राहिली असेल तर ती आधी मार्गी लावा, म्हणजे मूळ शेतीच विनापरवाना आहे असा आक्षेप समोरच्या पक्षाला घेता येणार नाही.

याशिवाय ग्रामपंचायतीकडे स्वतंत्र अर्ज द्या. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली सार्वजनिक रस्त्यावरचे अतिक्रमण दूर करण्याचा अधिकार पंचायतीला आहे. पंचायतीने टाळाटाळ केली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक वाटेवरचा अडथळा हटवण्याची मागणी करता येते. पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होती, त्यामुळे जुन्या जाणत्या वकिलांना तो क्रमांक सांगितला तरी कळेल. गडगा स्वतः हलवू नका, साखळीला हात लावू नका. एक चिरा जरी तुमच्या माणसाने काढला, तरी प्रकरण रस्त्याचे न राहता मालमत्तेच्या नुकसानीचे होते.

बंधाऱ्यावरचा भाग नकाशात रस्ता म्हणून नाही, ही गोष्ट लपवू नका. तेथे तुमचा आधार वहिवाटीचा राहील. खाजगी जमिनीवरून जाण्याचा सुविधाधिकार वीस वर्षांच्या अखंड वापराने मिळतो, पण शासनाच्या मालमत्तेवर ती मुदत तीस वर्षांची आहे, आणि बंधारा शासनाचा असेल तर तुम्हाला तीस वर्षांचा पुरावा लागेल. धक्का वापरात होता याचे जुने कागद येथे उपयोगी पडतील. पण खरे सांगायचे तर या भागासाठी हक्काच्या भांडणात न पडता खारभूमी विभागाकडे मर्यादित परवानगी मागणे शहाणपणाचे आहे: केवळ पायी आणि रबरी चाकांच्या हातगाडीने, एका वेळी एकच गाडी, तीही मोरीच्या अलीकडेपर्यंत, आणि मोरीवरून माल हातानेच न्यायचा. साखळीची किल्ली ग्रामपंचायतीत ठेवून नोंदवहीत सही करून न्यावी, अशी सूचनाही अर्जातच द्या. अधिकाऱ्याला नकार देण्यापेक्षा होकार देणे सोपे जाईल असा अर्ज असावा.

---

खाजणवाला

मोरीच्या अलीकडे गाडी थांबवण्याची सूचना मला मान्य आहे. एक भर घालतो. मोरीवर माल हातोहात नेताना आतल्या, म्हणजे शेताकडच्या कडेने चालावे, खचलेल्या कडेला दोरी बांधून ती बाजू मोकळी ठेवावी, आणि उधाणाच्या भरतीत तेथून जाणे टाळावे. आमच्याकडे अशाच ठिकाणी शेतकऱ्यांनी पोत्यांत माती भरून तात्पुरता आधार दिला होता, पण तो विभागाच्या अभियंत्याला विचारून आणि त्याच्या देखरेखीखाली दिला होता. तुमच्या एकत्रित अर्जात पावसाळ्यापूर्वी असा तात्पुरता आधार द्यावा ही मागणी पहिली ठेवा आणि पक्क्या दुरुस्तीची नंतर, कारण पक्के काम मे महिन्यापर्यंत होईल असे मला वाटत नाही.

---

खाडीकाठ

तिवरांमधली वाट आम्ही करणार नाही. त्या गृहस्थांनाही तसे कळवले आहे. मामलतदार न्यायालय अधिनियमाखालचा दावा एका वकिलांकडून तपासून या आठवड्यातच तहसील कार्यालयात दाखल करत आहोत. त्यात साखळीचा विषय घेतलेला नाही, फक्त गडगा आणि फाटक यांचा घेतला आहे. खारभूमी विभागासाठीचा अर्ज शेतकऱ्यांच्या सह्यांसह वेगळा तयार होत आहे. त्यात तात्पुरत्या आधाराची मागणी पहिली आहे आणि हातगाडीच्या परवानगीची दुसरी.

शिंपला दादा, एक शेवटची विचारणा. पलीकडच्या काठावरची जेटी आम्ही पाहून आलो. भांगाच्या दिवसांत तेथे भरलेली होडी लागू शकते, पण उतरण्याच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे आणि वर सावली अजिबात नाही. तेथे माल तासभर थांबवावा लागला तर ओल्या गोणपाटाखाली तो चालेल का, की बर्फ न्यावा लागेल?

---

शिंपला

तासभर चालेल, मात्र गोणपाटावर आडोसा हवा. चार बांबू आणि एक ताडपत्री होडीतच ठेवा. गोणपाट खाडीच्याच पाण्याने भिजवत राहा आणि पोती एकावर एक रचू नका, खालचा माल दबतो. बर्फ नेलाच तर तो थेट मालावर घालू नका, वितळलेले गोडे पाणी आत झिरपते. पोत्यांच्या खाली जाळीची फळी ठेवून तिच्याखाली बर्फ ठेवावा. पायऱ्यांवरचे शेवाळ ओहोटीला खराट्याने आणि वाळूने घासून काढा, आणि जेटी कोणाच्या ताब्यात आहे ते पाहून सागरी मंडळाला किंवा पंचायतीला तिच्या वापराविषयी आधी पत्र द्या, म्हणजे तेथेही अडवणूक व्हायला नको.